मदत हवी आहे: युद्धात नसताना अमेरिकेने जर्मन जहाज कसे पकडले?

दर्यावाचक: शुक्रवारी लेख द्यायचा आहे आणि दोन दिवस एकाच मुद्द्यावर अडलो आहे. रबर घेऊन निघालेले जर्मन जहाज अमेरिकी नौदलाने पकडले, पण तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीच नव्हती. मग हा अधिकार कुठून आला? कृपया लवकर सांगावे.

अभिलेख: जहाजाचे नाव आणि साल द्यावे. वेझरलँड, रिओ ग्रांदे आणि बुर्गनलँड ही जर्मन मालवाहू जहाजे जानेवारी १९४४ मध्ये लागोपाठच्या तीन दिवसांत बुडाली, परंतु तेव्हा अमेरिका युद्धात होती.

दर्यावाचक: ओडेनवाल्ड, ६ नोव्हेंबर १९४१.

अभिलेख: जपानहून फ्रान्समधील बोर्डो बंदराकडे निघालेल्या या जहाजावर सुमारे ३,८०० टन रबर होते. 'ओमाहा' ही क्रूझर आणि 'सोमर्स' ही विनाशिका या अमेरिकी युद्धनौका गस्तीवरून ब्राझीलमधील रेसिफेकडे परतत असताना त्यांना ते दिसले. त्यावर अमेरिकी झेंडा होता आणि मागच्या बाजूस 'विलमोटो, फिलाडेल्फिया' असे रंगवलेले होते, पण इशाऱ्यांना पटण्याजोगी उत्तरे येईनात. गुलामांची वाहतूक करणारे जहाज असल्याचा संशय, हे जप्तीसाठी पुढे केलेले कारण होते.

जुना_खलाशी: खरा आधार बचावाचा, म्हणजे बुडते जहाज वाचवण्याचा (सॅल्व्हेज) आहे. अमेरिकी तुकडी होडीतून जवळ येत असतानाच जर्मनांनी जहाज बुडवण्यासाठी स्फोट घडवले आणि मदतीचा इशारा दिला. पाणी शिरत असलेल्या जहाजावर चढून त्या मुलांनी ते तरंगत ठेवले, हे विसरू नये.

अभिलेख: त्यांच्या धैर्याबद्दल वाद नाही. मात्र बचावाचा निर्णय १९४७ मध्ये न्यायालयाने मोबदल्यासाठी दिला. १९४१ मध्ये जहाज अडवण्याचे कारण त्याने ठरत नाही. लेखकाने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

मुरगावकर: आमच्या मुरगाव बंदरात, तटस्थ पोर्तुगीज हद्दीत आश्रयाला असलेल्या एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश भारतातील स्वयंसेवी पथकाच्या माणसांनी हल्ला केला, तेव्हा खलाशांनी ते आपल्याच हातांनी बुडवले. त्यावरही अवश्य लिहावे.

अभिलेख: ते जहाज बंदरात उभे होते, येथे प्रश्न भर समुद्रात अडवलेल्या जहाजाचा आहे.

दर्यावाचक: आभारी आहे, माझी गल्लत इथेच होत होती. जर्मनीशी युद्ध डिसेंबरात सुरू झाले, म्हणून हे जहाज युद्धातील लूट ठरले नाही, असे लिहितो. मोबदला कोणाला किती मिळाला?

जुना_खलाशी: जहाजावर चढलेल्या तुकडीतील प्रत्येकाला ३,००० डॉलर मिळाले आणि दोन्ही युद्धनौकांवरील इतरांना दोन महिन्यांचा पगार व भत्ते.