संकेतस्थळ बंद करताना सरकारने कारण लपवावं का?

माहीमकर
फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ नियतकालिक 'विकटन'चं संकेतस्थळ अचानक उघडेनासं झालं. निमित्त एका व्यंगचित्राचं. ट्रम्प यांच्या शेजारी बेड्या घातलेले पंतप्रधान त्यात दाखवले होते. एक चित्र खटकलं आणि सगळाच मजकूर वाचकांपासून तोडला. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते चित्र तूर्त काढण्याच्या अटीवर संकेतस्थळ खुलं करायला सांगितलं. मे महिन्यात, पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, 'द वायर' हे बातम्यांचं संकेतस्थळ बंद झालं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकारला असं करता येतं, ते मला ठाऊक आहे. माझा राग त्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतल्या १६ व्या नियमावर आहे. तक्रार कोणाची, कारवाई काय, सगळं गोपनीय. आदेश हातातच पडत नसेल तर दाद कशावर मागायची? मोठ्या माध्यमांकडे दिल्लीत वकील असतात. कुर्ल्यात एका खोलीत बसून पालिकेच्या निविदा उकरणाऱ्या चार पोरांनी काय करावं?

लालबागचा वाचक
माहीमकर, तुम्ही याच शहरात राहून २६/११ विसरलात? नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरताना साऱ्या जगाला थेट दिसत होते. कसाबच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेच वाहिन्यांचे कान उपटले. माझा मावसभाऊ त्या रात्री सीएसटीला ड्युटीवर होता, त्यामुळे मला हा विषय नुसता वादापुरता नाही. जुलै २०१८ मध्ये धुळ्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं, तेही मोबाइलवरच्या अफवेमुळे. सरकारने आधी नोटिसा काढून हरकती मागवत बसावं का?

वकीलताई
दादा, तुमच्या भावाबद्दल आदर आहे. पण २६/११ वरचा उपाय काय निघाला ते बघा. २०१५ मध्ये केबल नियमांत लेखी तरतूद आली की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल. नियम उघड, सगळ्यांना सारखा. तातडीचीही सोय आहे. २००९ च्या नियमांनुसार सुनावणीआधीच मजकूर रोखता येतो, मात्र ४८ तासांत प्रकरण सरकारी अधिकाऱ्यांच्या समितीपुढे न्यावं लागतं. म्हणजे घाई आणि गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि राईनपाड्याची अफवा फॉरवर्ड झालेली होती, कुठल्या पत्रकाराची बातमी नव्हती.

गिरगावची सुनंदा
पत्रकार कोणाला म्हणायचं हाच तर प्रश्न आहे, ताई. आमच्या चाळीचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा एक माइकवाला आला, 'तुमची बाजू दाखवतो' म्हणून पैसे मागितले. नाही दिले तर आमच्याविरुद्ध व्हिडिओ. कोणाला विचारायची सोय नाही. अशांना वेसण हवीच, ती सरकार नाही घालणार तर कोण?

वकीलताई
सुनंदाताई, ती सरळ खंडणी आहे, पोलिसांत तक्रार करा. त्या गुन्ह्यात आरोप लेखी असतो, आरोपीला उत्तर देता येतं. सरकारकडेच वेसण दिली की काय होतं ते आपल्याच उच्च न्यायालयाने पाहिलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये 'द लीफलेट' हे संकेतस्थळ आणि पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर केंद्राने डिजिटल माध्यमांवर लादलेल्या आचारसंहितेच्या सक्तीला स्थगिती मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये, सरकारविषयीची कुठली माहिती खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची तरतूद रद्द झाली.

माहीमकर
आणीबाणीतलीही गोष्ट आहे. संपादक मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातले लेख सेन्सॉरने अडवले, मसानी उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये जिंकले. कोणते लेख अडवले हे त्यांना कळलं होतं म्हणून ते लढू शकले. आज वाचकाला बंद पान दिसतं, त्यामागचा आदेश दिसत नाही. आणीबाणीतल्यापेक्षाही कमी माहिती आपण कशी चालवून घेतो?

लालबागचा वाचक
घाईत मजकूर रोखला तरी ४८ तासांनंतर कारण द्यावं, इतपत मला पटलं. व्यंगचित्रासाठी अख्खं संकेतस्थळ बंद करणं तर मलाही मान्य नाही. पण सीमेवर गोळीबार चालू असताना कुठली बातमी का अडवली हे जाहीर करणं म्हणजे आपल्याला नेमकं काय झोंबलं ते शत्रूला सांगणं. तिथे मी सरकारच्याच बाजूने राहणार.