कोच भारी का प्लेअर भारी?

पेठेतला_पॉइंटगार्ड:
भावांनो एक सांगा, काल रंकाळ्यावर भेळ खाता खाता आमच्यात जाम वाजलं. आमच्या कॉलेजला बास्केटबॉलचे सर मूळचे कबड्डीतले, त्यांचं एकच, पळा आणि उंच पोराकडं बॉल द्या. सहा फूट दोन इंची एक पोरगा होता तेव्हा आम्ही फायनलला, तो पास होऊन गेला आणि पुढच्या वर्षी पहिल्याच मॅचला घरी. सर तेच, पळापळ तीच. मग कोच करतोय तरी काय? मित्र म्हणतोय एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) कोच फिल जॅक्सन, त्याच्या 11 टायटल बघ. अरे त्याला आधी जॉर्डन-पिपेनसारखे स्टार प्लेअर मिळाले, मग शॅक-कोबी, मला पण द्या की, मी पण टाइमआउटला हाताची घडी घालून हुबारतो.

लाल_माती:
प्लेअरच मर्दा. पाच जणांचा खेळ हाय, 48 मिनिटांतली 36-38 मिनिटं तर स्टार माणूसच कोर्टवर असतोय, फुटबॉलसारखं अकरातला एक न्हवं. एनबीएतली गोल्डन स्टेट टीम बघ. 2015-16 ला त्यांचा कोच स्टीव्ह कर पाठीच्या दुखण्यानं घरात, तरी असिस्टंट ल्यूक वॉल्टननं 43 तल्या 39 मॅच मारल्या. आणि 2019-20 ला त्यांचे स्टार प्लेअर, ड्युरंट सोडून गेला, क्ले जखमी, स्टीफन करीचा हात मोडला, तर 15 जिंकल्या 50 हरल्या. कोच तोच स्टीव्ह कर. विषय कट.

बेंचवरचा_बाळू:
अर्धंच सांगू नको. वॉल्टननं मारल्या त्या करनं बसवलेल्या सिस्टिमवर. त्याच्या आधी 2013-14 ला हीच करी-क्ले-ड्रेमंड पोरं मार्क जॅक्सनकडं होती, 51 जिंकून प्लेऑफच्या (बाद फेरी) पहिल्या राउंडला घरी. कर आला आणि 67, वर टायटल. काय केलं त्यानं, तर इग्वोडाला, जो एनबीएत तोवर कधी बेंचवरनं आला न्हवता, त्याला बेंचवर बसवलं. मोठ्या प्लेअरला हे तोंडावर सांगून वर त्याला खूश ठेवायचं म्हणजे खायचं काम न्हाय, आमच्यात तर कॅप्टनला बसवला की घरनं बाबा येतात भांडायला. मग फायनलला 2-1 नं मागं पडल्यावर उंच सेंटर बोगटला बाहेर काढून त्याच इग्वोडालाला सुरुवातीपासनं घातला, म्हणजे रिंगखालचा उंच माणूसच न्हाय, आणि पुढच्या तिन्ही मॅच खिशात. फायनल्सचा एमव्हीपी (सगळ्यात भारी प्लेअर) पण इग्वोडालाच. गंमत म्हणजे ही आयडिया निक युरेन म्हणून करच्या स्टाफमधल्या पोराची.

खुराक_अन्_थंडाई:
मी लहानपणी तालमीत होतो. वस्ताद पहाटे उठवणार, डाव घटवून घेणार, पण एकदा मैदानात उतरलं की वस्ताद कडेला, कुस्ती तुझी तू कर. बास्केटबॉलवाल्याला टाइमआउट घेता येतोय, माणूस बदलता येतोय, म्हणून मी कोचकडं जरा जास्त मार्क टाकतो.
पण कोच लॅरी ब्राऊन बघा. 2004 च्या जूनमध्ये डेट्रॉइटला घेऊन शॅक-कोबी-मलोन-पेटनच्या लेकर्सला 4-1 नं लोळवलं, समोर कोच कोण, तर फिल जॅक्सन! आणि ऑगस्टमध्ये अथेन्स ऑलिंपिकला डंकन, आयव्हर्सन, पोरगेला लेब्रॉन हाताशी असून अमेरिका पहिल्याच मॅचला पोर्तो रिकोकडनं 19 नं हरली, शेवटी ब्राँझ. दोन महिन्यांत माणूस येडा झाला व्हय? टीम घाईत जमवलेली, लांबनं टाकणारे मोजके, आणि लेब्रॉन-वेड-कार्मेलो जास्त वेळ बेंचवर. ही शेवटची चूक मात्र कोचचीच.

लाल_माती:
ब्राऊनचं मान्य. पण डेट्रॉइटला बेन वॉलेससारखा डिफेन्सवाला प्लेअर होता हे इसरू नगा.

पेठेतला_पॉइंटगार्ड:
बाळू, बेंचचं वाचून आठवलं बघ. त्या हरलेल्या मॅचला समोरच्यांनी झोन लावलेला, सगळे रिंगखाली गर्दी करून, आत शिरायला जागाच न्हाय. आमच्याकडं फर्स्ट इयरचं एक बारकं पोरगं होतं, प्रॅक्टिसला कोपऱ्यातनं धापैकी सहा थ्री (लांबनं तीन पॉइंटचे शॉट) टाकायचं. सगळी मॅच टॉवेल गळ्यात टाकून बसून. मी टाइमआउटला सरांना म्हटलं ह्याला घालूया, तर म्हणाले उंची बघ त्याची, तू पळ आधी.

बेंचवरचा_बाळू:
मग आता कुठं हाय ते पोरगं?

पेठेतला_पॉइंटगार्ड:
फुटबॉलला. लेफ्ट बॅक.