भर उन्हात डिशचे चित्र का जाते, आणि वाचनालयासाठी उपग्रहावर कितपत विसंबावे?

खानापूर_वाचनालय (प्रश्न)

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे जंगलपट्ट्यात आमचे गाव आहे आणि गावात एक छोटे मराठी वाचनालय आहे. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही तेथे टीव्ही घेतला आणि छपरावर डिश बसवली. पावसाची मोठी सर आली की चित्र तुटते, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु गेले चार दिवस, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून, आकाश निरभ्र असताना दुपारी पावणेबाराच्या सुमारास चित्र काही मिनिटे पूर्णपणे जाते आणि आपोआप परत येते. डिश बसवणाऱ्याने "वरूनच जाते" एवढेच सांगितले. वरून म्हणजे नेमके काय होते?

दुसरा प्रश्न ज्येष्ठ सभासदांचा आहे. आपण कर्नाटकात राहतो, तेव्हा उपग्रहावरून येणाऱ्या मराठी वाहिन्या महाराष्ट्रापुरत्याच सोडल्या जाण्याची शक्यता असते का? तिसरा प्रश्न असा की, गावात मोबाइलची रेंज जेमतेम असून फायबर पोहोचलेले नाही. मुलांच्या अभ्यासासाठी इंटरनेटही उपग्रहावरूनच घ्यावे काय?

जुना_दूरसंचारी, टिळकवाडी

आपल्या डिशमध्ये कोणताही बिघाड नाही, आणि आपण वेळ अचूक नोंदवल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे.

टीव्हीचा भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, समुद्रसपाटीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करण्यास २३ तास ५६ मिनिटे लागतात, म्हणजे पृथ्वीला स्वतःभोवती फिरण्यास लागतो तेवढाच वेळ. म्हणून सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असूनही तो आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो आणि डिश एकदा घट्ट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे आपली डिश दक्षिणेकडे पाहते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवसांच्या आसपास सूर्यही विषुववृत्ताच्या पातळीजवळ असतो, आणि रोज काही मिनिटे तो डिशच्या दृष्टीने उपग्रहाच्या नेमका मागे येतो. सूर्य हा स्वतः रेडिओलहरींचा प्रचंड स्रोत असल्यामुळे त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडून जातो. यालाच सन आउटेज म्हणतात. बेळगावच्या अक्षांशावर हे ३० सप्टेंबर आणि १३ मार्च या तारखांच्या आगेमागे काही दिवस घडते. सूर्य रोज थोडा दक्षिणेकडे सरकत असल्याने आणखी काही दिवसांत हा त्रास आपोआप थांबेल.

आपल्या घड्याळातून आणखी एक गोष्ट कळते. या दिवसांत बेळगावात सूर्य बाराच्या ठोक्याला नव्हे, तर सुमारे १२ वाजून २२ मिनिटांनी दक्षिणेला माथ्यावर येतो. आपले चित्र त्याच्या चाळीस मिनिटे आधी जाते, त्याअर्थी आपला उपग्रह आपल्या रेखांशापासून थोडा पूर्वेला, म्हणजे ८३ अंश पूर्वेच्या जागी असला पाहिजे. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर आहे. ती डिश असती तर हाच प्रकार अकराच्या थोडा आधी दिसला असता.

याच आठवड्यांत उपग्रह स्वतः मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत शिरतो, आणि जास्तीत जास्त ७२ मिनिटे त्याला बॅटरीवर काम करावे लागते. आपले चित्र मात्र त्या वेळी अखंड चालू असते. यामागची रात्रंदिवस देखरेख इस्रोच्या हासन येथील नियंत्रण केंद्रातून होते. हासन आपल्याच राज्यात आहे, आणि मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

निपाणीची_शिक्षिका

ज्येष्ठ सभासदांच्या शंकेबद्दल लिहिते, कारण ती आमच्या घरीही निघाली होती. आमच्या लहानपणी रेडिओवर सांगली आणि धारवाड अशी दोन्ही केंद्रे शोधावी लागत, आणि कोणते किती स्पष्ट लागेल हे अंतरावर ठरे. टीव्हीच्या उपग्रहाचे तसे नाही. त्याचा झोत संपूर्ण भारतावर पडतो, त्याला जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ठाऊक नसते. तीच डिश बेळगावहून कोल्हापूरला नेली तर तिची उंची जेमतेम एका अंशाने बदलावी लागेल. मराठी, कन्नड, तमिळ अशा सर्व वाहिन्या आपल्या छपरावर एकाच वेळी येऊन पडलेल्या असतात. त्यांतील कोणत्या दिसाव्यात हे सेट टॉप बॉक्समधील कार्ड आणि आपण भरलेले पॅकेज ठरवते. त्यामुळे एखादी वाहिनी दिसेनाशी झाली, तर आधी पॅकेज तपासावे.

उपग्रहाच्या व्यापारी बाजूचेही उदाहरण देते. जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ रॉकेटने जीसॅट-२४ सोडण्यात आला. हा उपग्रह इस्रोने न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीसाठी बांधला, आणि त्याची संपूर्ण क्षमता टाटा प्लेला भाड्याने दिलेली आहे. आधी ग्राहक ठरवायचा आणि मग उपग्रह बांधायचा, ही पद्धत आपल्याकडे त्यापासून सुरू झाली. मला हा बदल योग्य वाटतो.

कंकुंबी_घाट

पावसाचाही खुलासा करतो, कारण आमच्या भागात तो चार महिने हटत नाही. घरगुती डिश ज्या रेडिओपट्ट्यावर चालते त्या केयू बँडची लहर सुमारे अडीच सेंटिमीटरची असते आणि मोठे थेंब तिला शोषतात व विखुरतात. गावातील केबलवाल्याची मोठी डिश बहुधा सी बँड या दुसऱ्या पट्ट्यावर असते. ती लहर सुमारे साडेसात सेंटिमीटरची असल्याने पावसात बरीच टिकते.

इंटरनेटबाबत माझे मत सावध आहे. भूस्थिर उपग्रहाचे खरे बळ एकच गोष्ट एकाच वेळी सर्वांना देण्यात आहे. लाखो घरांनी एक वाहिनी पाहिली तरी उपग्रहावरचा भार तेवढाच राहतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला वेगळे हवे असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-एन२ मध्ये म्हणूनच संपूर्ण देशावर एक झोत न टाकता ३२ वेगवेगळे झोत ठेवले आहेत, जेणेकरून तीच वारंवारता दूरदूरच्या झोतांत पुन्हा वापरता येते. तरीही त्याची ४८ जीबीपीएस क्षमता देशभर वाटली जाते. शिवाय प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि उत्तराने तोच प्रवास करणे यात सुमारे अर्धा सेकंद जातो, आणि तो वेळ प्रकाशाच्या वेगामुळे लागत असल्याने कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही. धडे उतरवून घेणे, ईमेल, अर्ज भरणे यांसाठी हे चालेल. समोरासमोरच्या ऑनलाइन तासाला खोळंबा जाणवेल. फायबर येण्याची थोडी जरी आशा असेल, तर ग्रामपंचायतीकडे त्याचा पाठपुरावा सोडू नका.

खानापूर_वाचनालय

सर्वांचे मनापासून आभार. आज ११ वाजून ४० मिनिटांनी आम्ही डिशजवळ उभे राहून पाहिले. डिशसमोरील एलएनबीवर, म्हणजे सिग्नल गोळा करणाऱ्या भागावर, तबकडीवरून परतलेले ऊन पडत होते, आणि त्याच वेळी आत चित्र गेले. मुलांना वहीत तारीख आणि वेळ लिहायला सांगितले आहे. एक शंका उरते: डिशशेजारच्या फणसाची एक फांदी दक्षिणेकडे वाढली आहे, ती अडचण करील का?

जुना_दूरसंचारी, टिळकवाडी

आपल्याकडून ८३ अंशांवरील उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६९ अंश उंच, दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधल्या दिशेला आहे. एवढ्या उंचीमुळे दूरची झाडे आड येत नाहीत, परंतु डिशला लागून वर वाढणारी फांदी येते, आणि ओली पाने कोरड्या पानांपेक्षा अधिक अडवतात. फांदीची सावली त्या दहा मिनिटांत तबकडीवर पडते का, एवढे उद्या पाहा. पडत असेल तर तेवढीच छाटावी, झाड तोडू नये.