कुजलेल्या नारळावरची नक्षीदार माशी आणि आंब्यावरची फळमाशी : दोघींचे कुळ एक का?

प्रश्न (फोंडा तालुका) :
सप्रेम नमस्कार. आमच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) पडून कुजलेल्या नारळांवर पंखांवर तपकिरी पट्टे असलेल्या माश्या बसतात आणि चालताना पंख संथपणे हलवत राहतात. शेजारच्या बागायतदारांच्या मते पंखांवर नक्षी असली की ती फळमाशीच, म्हणजे मानकुराद आंब्यात अळ्या करणारी. परंतु नर फळमाश्यांना ओढणाऱ्या मिथाइल युजेनॉल या आमिषाच्या सापळ्यात ही माशी एकदाही आढळली नाही. वर्गीकरणात हिचे स्थान कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ :
दोघींचे नाते आहे, पण ते चुलत घराण्याचे. टेफ्रिटॉइडिया या अधिकुलात (जवळच्या कुळांच्या गटात) खऱ्या फळमाश्यांचे टेफ्रिटिडी हे कुळ येते आणि उलिडिइडी व प्लॅटिस्टोमॅटिडी ही कुळेही येतात. नक्षीदार पंख या तिन्ही कुळांत सर्रास आढळतात, त्यामुळे नक्षीवरून निर्णय करता येत नाही. उलट आंब्याचा खरा शत्रू असलेल्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसचे पंख जवळजवळ स्वच्छ असतात; पुढच्या कडेला एक अरुंद गडद पट्टी आणि बुडाशी एक तिरपी रेघ, इतकेच.

भिंगाखाली पाहायची ती सबकोस्टा, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेलगत धावणारी बारीक शीर. टेफ्रिटिडी कुळात ही शीर टोकाजवळ एकाएकी कडेकडे, जवळजवळ काटकोनात वळते आणि वळणानंतर पुसट होते. इतर दोन कुळांत ती सौम्य वळणाने कडेपर्यंत स्पष्ट पोहोचते. ती अशी स्पष्ट असेल, तर तिच्या मागच्या शिरेच्या पाठीवर बारीक केस आहेत का, हे पाहावे. प्लॅटिस्टोमॅटिडीत ते सहसा असतात, उलिडिइडीत बहुधा नसतात. मात्र या दुसऱ्या खुणेला अपवाद आहेत, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

उत्तर २ :
सापळ्याविषयी थोडे. मिथाइल युजेनॉलकडे डॉर्सॅलिस आणि तिच्या काही जवळच्या जातींचे नर येतात, सगळ्या फळमाश्या नव्हेत. कारल्या-काकडीवरच्या माशीचे नर क्यू ल्यूर या दुसऱ्या आमिषाकडे येतात. ती पूर्वी बॅक्ट्रोसेरातच गणली जात असे. आता तिला झ्यूगोडॅकस या स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) ठेवतात. उलट 2015 मध्ये पपाये, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हेडेन्स या वेगळ्या मानलेल्या जाती डॉर्सॅलिसमध्येच विलीन करण्यात आल्या, त्यामुळे जुन्या पुस्तिकेतली नावे ताडून घ्यावीत. फळमाशीच म्हटली जाणारी प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला या चर्चेत आणू नये. ती मुळात वेगळ्या अधिकुलातली आहे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. भिंगाखाली सबकोस्टा कडेपर्यंत अखंड दिसली आणि मागच्या शिरेवर बारीक केस ओळीने होते. मग प्लॅटिस्टोमॅटिडी म्हणावे काय?

उत्तर १ :
या दोन्ही खुणा त्याच कुळाकडे बोट दाखवतात. त्यातील स्कोलॅस्टेस ही प्रजाती कुजक्या नारळांत वाढते, त्यामुळे आपल्या नारळांवरचे वर्णनही जुळते. परंतु जात ठरवायची तर नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून तज्ज्ञाला दाखवावा. धडधाकट आंब्याला भोक पाडून अंडी घालणारी ती नव्हे, म्हणून तिच्यासाठी फवारणीचा खर्च करण्याचे कारण नाही. सापळे मात्र काढू नयेत, आणि गळलेले आंबे रोज गोळा करून खोल पुरावेत, कारण फळमाशीची अळी कोषासाठी फळातून निघून मातीत शिरते.