पाळकसाहेबांना संदेशाबद्दल कसं सांगावं?

भायखळ्याची ताई:
सलाम मंडळी. आमच्या मराठी चर्चमध्ये दीड वर्षापूर्वी नवीन पाळकसाहेब (पास्टर) आले. माणूस सोन्यासारखा, आई अ‍ॅडमिट होती तेव्हा रात्री साडेदहाला येऊन प्रार्थना करून गेले. पण रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, पन्नास मिनिटांचा, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू होतो तो थेट शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत, आणि घरी काय न्यायचं तेच कळत नाही. मेगाब्लॉक असला की डोंबिवली-कल्याणची माणसं शेवटच्या गीताआधीच उठतात, तेव्हा साहेबांचा चेहरा उतरतो, मला फार वाईट वाटतं. कमिटीत काढलं तर ती तक्रार होणार, निनावी चिठ्ठी मला पटत नाही. काय करू?

पाळकाची लेक:
ताई, रविवारी दारात हात मिळवताना अजिबात सांगू नका. माझे बाबा उपासनेनंतर इतके थकलेले असायचे की जेवणसुद्धा जायचं नाही, त्यात कोणीतरी जाता जाता "आज जरा लांबलं हां" म्हणायचं आणि तेवढंच आठवडाभर डोक्यात राहायचं. आणि बाकी सगळे नुसतं "छान संदेश" म्हणायचे, त्याचाही काही उपयोग नाही, कारण काय पोचलं ते बाबांना कधी कळलंच नाही. मधल्या वारी फोन करून घरी जा. आधी एखादा लक्षात राहिलेला संदेश सांगा, का राहिला ते सांगा, मग एकच गोष्ट बोला. एकच!

वसईकर:
मी कॅथलिक. पोप फ्रान्सिसनी २०१३ च्या पत्रातच लिहिलं होतं की प्रवचन थोडक्यात असावं, लेक्चर वाटू नये, आणि २०२४ मध्ये तर आठ मिनिटांच्या वर नको म्हणाले. पण तुमच्या प्रोटेस्टंट उपासनेत संदेशच मध्यभागी, तिथे आठ मिनिटं कशी चालतील? आमच्याकडे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात, म्हणून आम्ही चार-पाच जण आठवड्यात फादरांबरोबर बसून ती वाचतो, नोकरीवाले, कॉलेजची पोरं, एक आजी. आमचे प्रश्न फादरांना आधीच कळतात, त्यामुळे नंतर चुका काढायची वेळच कमी येते. तुमच्या साहेबांना पुढचा शास्त्रभाग (बायबलचा उतारा) आधी विचारून बघा.

परळचा आजोबा:
लांबीपेक्षा आवाजाचं बघा. पंखे फुल्ल असले की मागच्या बाकांवर निम्मं ऐकूच येत नाही, आम्ही म्हातारे कोणाला सांगत नाही.

भायखळ्याची ताई:
आजोबा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, या रविवारी मागे बसून बघते. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर बोलताना पाळकसाहेबांनी स्वतःच्या वडिलांबद्दल सांगितलं होतं, ते ऐकून मी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला, दोन वर्षांनी. हे त्यांना मी कधी सांगितलंच नाही. बुधवारी जाते, आधी हेच सांगते.