मदत हवी आहे: अंगणवाडीत गोष्ट सुरू केली की पाच मिनिटांत मुले उठून जातात

सागपान

नमस्कार. मी सहा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. गेल्या आठवड्यात आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी भेट दिली, शेरेबुकात 'पूर्वशालेय शिक्षणाचा दर्जा सुधारावा' असे लिहिले आणि महिन्याभराने पुन्हा येईन असे सांगितले. दर्जा म्हणजे नेमके काय, हे त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका आहे, वेळापत्रक भिंतीवर लावलेले आहे आणि मी ते पाळते. प्रार्थना आणि बडबडगीते नीट होतात, पण गोष्ट सुरू केली की पाचव्या मिनिटाला दोन मुले उठतात, त्यांच्यामागे चार जातात आणि मग वर्ग पुन्हा गोळा होत नाही. स्वतःच्या पैशांनी तक्ते, चेंडू आणि चित्रांची दोन पुस्तके आणली, तरी फरक पडला नाही. मुलांवर प्रेम करा, खेळातून शिकवा, अशी वाक्ये मी प्रशिक्षणात पुष्कळ ऐकली आहेत. कृपया ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे, त्यांनीच सांगावे.

ठोकळे_आणि_मणी

ताई, मी पुण्यात बारा वर्षे बालशाळा चालवते आहे आणि माझा अनुभव स्पष्ट आहे. सगळ्या मुलांना एकाच वेळी गोष्टीला बसवणे हीच मूळ चूक असते. खोलीचे चार कोपरे करा: एक ठोकळ्यांचा, एक बाहुलीघराचा, एक चित्रांच्या पुस्तकांचा आणि एक मणी ओवण्याचा. साहित्य मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ठेवा आणि कुठे बसायचे ते त्यांनाच ठरवू द्या. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, तेव्हापासून हाच अनुभव आहे की हाताला योग्य काम मिळाले की मूल आपोआप स्थिर होते. एका कोपऱ्यात सहापेक्षा जास्त मुले नसावीत आणि लाकडी साहित्य चांगल्या प्रतीचे घ्यावे, कारण प्लास्टिकचे वर्षभरही टिकत नाही.

निवृत्त_पर्यवेक्षिका

ताई, तुमच्या पर्यवेक्षिकेने लिहिला तसा शेरा मीही नोकरीत अनेकदा लिहिला आहे आणि आज मला त्याची खंत वाटते, कारण त्यातून सेविकेला काहीच कळत नाही. उपाय सांगण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात. पटावर किती मुले आहेत आणि रोज किती येतात? त्यांची वये काय? मदतनीस त्या वेळी कुठे असते? गोष्ट किती वाजता सांगता? आहार कोण शिजवते आणि पोषण ट्रॅकरची, म्हणजे हजेरी-आहाराच्या मोबाईल ॲपमधली, नोंद तुम्ही नेमकी केव्हा करता? वर्गाच्या दर्जाचे दोन भाग असतात. खोली, साहित्य आणि मुलांची संख्या हा एक भाग, तर मोठे माणूस मुलांशी कसे आणि किती बोलते हा दुसरा. पहिला भाग अर्ध्या तासाच्या भेटीत दिसतो. दुसरा पाहायचा तर शांतपणे बसून ऐकावे लागते.

लेकीचा_बाबा

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि तिला पन्नासपर्यंत आकडे लिहिता येतात. गावोगावी खासगी नर्सरी निघाल्या आहेत आणि पालक मुलांना तिकडे घालतात, याचे कारण तिथे लिहायला शिकवतात हेच आहे. अंगणवाडीने सकाळी अर्धा तास इंग्रजी अक्षरे गिरवून घेतली, तर पालक समाधानी होतील आणि मुलेही एका जागी बसतील.

ठोकळे_आणि_मणी

हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू पेन्सिलने अक्षरे लिहिण्याइतके तयार झालेले नसतात. त्याला आधी माती मळू द्यावी, कागद फाडू द्यावा, दाणे निवडू द्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आपल्या मुलीला लिहिता येते याचा आनंद आहे, पण प्रश्न गोष्टीचा आहे आणि गिरवण्याचा नाही.

लेकीचा_बाबा

पालकांची अपेक्षाही दर्जामध्येच धरायला हवी, एवढेच माझे म्हणणे होते. मुलेच आली नाहीत तर गोष्ट कोणाला सांगणार?

सागपान

पटावर ३४ मुले आहेत आणि रोज २२ ते २५ येतात. वये तीन ते सहा, सगळी एकाच खोलीत. आहार बचत गटाच्या बाई घरी शिजवून अकराला आणतात. गोष्ट मी साडेदहाला घेते आणि ट्रॅकरची नोंद त्याच सुमारास करावी लागते, कारण पुढे नेटवर्क जाते. मदतनीस जूनमध्ये निवृत्त झाल्या आणि पद अजून भरलेले नाही. म्हणजे मुले आणणे, झाडणे, वाढणे आणि शिकवणे हे सगळे सध्या मीच करते. चार कोपऱ्यांसाठी इथे जागा नाही आणि लाकडी साहित्यासाठी पैसे नाहीत. एवढी माहिती विचारल्यामुळे दिली, परंतु मूळ प्रश्न गोष्टीचा आहे, त्याचा आहाराशी काय संबंध ते मला समजले नाही.

अभ्यासक

संबंध थेट आहे आणि तो मोजलेलाही आहे. तामिळनाडूमध्ये ६४० अंगणवाड्यांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतील निम्म्या अंगणवाड्यांना फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा व्यक्ती दिली गेली. तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा आणि गणित या दोन्हींत मुले पुढे गेली आणि मूळ सेविकेला आरोग्याच्या कामासाठी वेळ मिळाल्यामुळे कुपोषणही कमी झाले. साहित्य किंवा कोपरे बदलले नव्हते, खोलीत एक माणूस वाढले होते. आपल्याकडे ते माणूस जूनपासून कमी झाले आहे. त्यामुळे शेऱ्याला लेखी उत्तर देताना रिक्त पदाचा उल्लेख अवश्य करावा.

ठोकळे_आणि_मणी

उल्लेख जरूर करावा, पण पद भरणे ताईंच्या हातात नाही. महिन्याभरात वर्गात काय बदलायचे, हे त्यांनी विचारले आहे. साहित्य महागच असले पाहिजे असेही नाही. चिंचोके, सागाच्या बिया, नदीतले गोटे आणि बांबूचे तुकडेसुद्धा चालतील.

निवृत्त_पर्यवेक्षिका

या शेवटच्या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा मॉन्टेसरीचे विकतचे साहित्य बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे हेच साहित्य केले होते. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच आहे.

सागपान ताई, आता आणखी दोन प्रश्न. गोष्ट कोणत्या भाषेत सांगता? आणि मुले घरी कोणती भाषा बोलतात?

सागपान

गोष्ट अर्थातच मराठीत सांगते, पुस्तिका मराठीतच आहे. मुले घरी कोरकू बोलतात. आमचे गाव मेळघाटात आहे आणि इथे सगळी घरे कोरकूच आहेत. मी लग्न होऊन आले, आमच्या घरी मराठी आणि हिंदी चालते. मला कोरकू थोडीफार समजते, पण बोलता येत नाही.

जि_प_शिक्षक

मॅडमनी योग्य जागी बोट ठेवले. मी याच भागात पहिली-दुसरीला शिकवतो. बाहेरच्या लोकांना वाटते की कोरकू ही मराठी किंवा हिंदीची बोली असेल. ती मुंडा कुळातली भाषा आहे, म्हणजे झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारीच्या घरातली, मराठी-हिंदीशी नाते नसलेली. त्यामुळे तीन वर्षांच्या कोरकू मुलाला मराठी गोष्ट ऐकताना ओळखीचा शब्द क्वचितच सापडतो. बडबडगीताला ताल आणि हातवारे असतात म्हणून मुले त्यात रमतात. गोष्टीत नुसते शब्द असतात, तिथे ती उठून जातात. यात ना मुलांचा दोष आहे, ना ताईंचा.

लेकीचा_बाबा

पण पहिलीची शाळा मराठीतच आहे ना? मग अंगणवाडीत कोरकू बोलून मुलांचे पुढे नुकसान होणार नाही का? जितक्या लवकर मराठी कानावर पडेल तितके चांगले, असे मला वाटते.

जि_प_शिक्षक

आपली काळजी रास्त आहे आणि इथले पालकही मला हेच विचारतात. मराठी कानावर पडलीच पाहिजे, पण ती कळलेल्या गोष्टीच्या आधाराने पडावी. माझ्या वर्गातला अनुभव असा आहे की ज्या मुलाने घरच्या भाषेत भरपूर ऐकले आणि बोलले आहे, ते मराठी लवकर उचलते. ज्याला दोन वर्षे न कळणाऱ्या भाषेपुढे गप्प बसवले आहे, ते पहिलीतही गप्पच बसते. राष्ट्रीय धोरणही या वयात घरच्या भाषेचाच आग्रह धरते. अडचण एवढीच आहे की धोरण कोरकूत बोलत नाही, कोणीतरी माणूसच बोलावे लागते.

निवृत्त_पर्यवेक्षिका

सागपान ताई, शेवटचा प्रश्न. मागच्या वर्षीही मुले गोष्टीतून अशीच उठत होती का?

सागपान

हा प्रश्न वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. मागच्या वर्षी मुले बसत असत. आमच्या मदतनीस बाई कोरकू होत्या. मी गोष्ट सांगायचे तेव्हा त्या मागे भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायच्या आणि मध्येमध्ये मुलांशी काहीतरी बोलायच्या. त्या मुलांना दटावतात असे मला वाटायचे आणि एकदा तर मी त्यांना मध्ये बोलू नका असेही म्हणाले होते. त्या गोष्ट सांगत होत्या, हे मला आज कळते आहे. मी तुम्हाला पद रिक्त असल्याचे सांगितले, पण त्या बाई काय करत होत्या हे सांगितले नाही, कारण मलाच ते माहीत नव्हते.

निवृत्त_पर्यवेक्षिका

तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत, याचे मला फार मोल वाटते. आता कामाचे बोलू. गावातल्या एखाद्या आजींना आठवड्यातून तीन दिवस साडेनऊला बोलवा आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट कोरकूत सांगून घ्या. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तुम्ही मराठीत सांगा आणि हातात वस्तू घ्या: टोपली, काठी, मातीचा वाघ. आठवडाभर गोष्ट बदलू नका, कारण या वयाच्या मुलांना तीच गोष्ट पुन्हा ऐकण्यात आनंद असतो आणि मराठी शब्द त्या ओळखीच्या जागी जाऊन बसतात. ट्रॅकरची नोंद मुले येत असतानाच करा, म्हणजे साडेनऊपासून तुमचे लक्ष मोबाईलमध्ये राहणार नाही.

आणि उद्याच्या गोष्टीच्या वेळी मोबाईलवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ठेवा. रात्री ऐकताना तीन गोष्टी मोजा: तुम्ही किती वेळा गप्प बसायला सांगितले, किती प्रश्न विचारले, आणि एखादे मूल एकापेक्षा जास्त शब्द किती वेळा बोलले. दर्जा शोधायचा तो तिथे.

ठोकळे_आणि_मणी

मी माझ्या पहिल्या सल्ल्यात थोडा बदल करते. आजी मोठ्या मुलांना घेऊन बसल्या, तर ताईंनी त्या वेळी तीन-साडेतीन वर्षांची मुले वेगळी घेऊन बिया आणि टोपल्या द्याव्यात. एकाच गोष्टीला तिन्ही वयांची पंचवीस मुले बसवणे मला अजूनही चूकच वाटते, भाषा कोणतीही असो.

निवृत्त_पर्यवेक्षिका

लहानग्यांना वेगळे काम देणे योग्यच आहे, पण पहिल्या आठवड्यात तरी त्यांना आजींपासून तोडू नये. त्यांना घरची भाषा सगळ्यांत जास्त हवी असते.

सागपान (बारा दिवसांनी)

कळवायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. ध्वनिमुद्रण केले. दहा मिनिटांत मी १९ वेळा 'बसा' किंवा 'शांत' म्हणाले होते. प्रश्न १४ विचारले, त्यांतील बहुतेकांचे उत्तर सगळ्यांनी मिळून 'हो' एवढेच होते. एकापेक्षा जास्त शब्द बोललेले मूल एकही नव्हते. ते ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी आमच्या जुन्या मदतनीस बाईंच्याच घरी गेले आणि त्यांना मध्ये बोलू नका म्हटल्याबद्दल माफी मागितली. त्या पाच दिवस आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितलीच नाही, मुलांमध्ये बसून शेंगा सोलल्या आणि बोलत राहिल्या. माझी अस्वस्थता वाढत होती, पण या वेळी मी मध्ये बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाघाची गोष्ट सांगितली आणि एकही मूल उठले नाही. चौथ्या दिवशी मी तीच गोष्ट मराठीत सांगत असताना, जूनपासून माझ्यासमोर एक शब्दही न बोललेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने पुढचा भाग कोरकूत सांगून टाकला. मला अर्धा समजला, मुलांना पूर्ण समजला. लहान मुलांना बिया देऊन पाहिले, पण बिया टाकून तीही गोष्टीकडेच सरकली.

आता दोन अडचणी आहेत. सोयाबीनची काढणी सुरू झाली की बाई मजुरीला जातील आणि त्यांचा रोज बुडवून त्यांना बोलावणे मला योग्य वाटत नाही. दिवाळीनंतर तर निम्मे गाव कामासाठी बाहेर पडते आणि होळीला परतते. शिवाय पर्यवेक्षिका मॅडम पुढच्या गुरुवारी येणार आहेत. त्यांना काय दाखवू?

जि_प_शिक्षक

बाईंना पाच-सहा गोष्टी आताच सांगायला लावा आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. माझ्याकडेही कोरकू गोष्टी आणि गाणी लिहून घेतलेली एक वही आहे, ती तुमच्यापर्यंत पोहोचवतो. मात्र नुसते मुद्रण लावून उठून जाऊ नका. मुलांसोबत बसून ऐका आणि न कळलेला शब्द त्यांनाच विचारा. तुम्हाला शिकवताना ती जेवढी बोलतील तेवढी एरवी बोलणार नाहीत.

निवृत्त_पर्यवेक्षिका

गुरुवारी त्यांना गोष्टीच्या वेळी, साडेनऊलाच, येण्याची विनंती करा आणि बाईंना तेवढा एक दिवस बोलावून घ्या. भेट संपल्यावर पहिल्या दिवसाचे दहा मिनिटांचे मुद्रण आणि आता नव्याने केलेले तेवढेच मुद्रण, दोन्ही त्यांना एकापाठोपाठ ऐकवा. रिक्त पदाचा अर्ज लेखी द्या आणि त्यात 'कोरकू बोलणारी मदतनीस मिळावी' हे शब्द घालायला विसरू नका.