गॅलरीला पैसे देऊन प्रदर्शन केलंय? तुमचे अनुभव लिहा

निळीशाई (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात एका तरुण चित्रकर्तीने तिला आलेली मेल मला दाखवली. "तुमच्या कामाने आमच्या निवड समितीचं लक्ष वेधून घेतलं" अशी सुरुवात, मग दोन परिच्छेद कौतुक. त्यात तिच्या एकाही चित्राचा उल्लेख नाही. अगदी शेवटी 'सहभाग शुल्क'. ती आनंदात होती आणि मला काय बोलावं सुचेना, कारण नऊ वर्षांपूर्वी जवळजवळ ह्याच शब्दांतली मेल मला आली होती आणि मी पैसे भरले होते.

म्हणून हा धागा. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार, गॅलरीत काम केलेले, सगळ्यांनी लिहा. पैसे कशाचे दिले, बदल्यात काय मिळालं, किती काम विकलं गेलं, बघायला कोण आलं. गॅलरीचं नाव नको, व्यवहार कसा होता ते हवं.

माझ्यापासून सुरुवात करते. साठवलेले पैसे शुल्कात गेले. फ्रेमिंग, वाहतूक आणि कॅटलॉगमधलं पान यांचे वेगळे. तिथे पोचल्यावर कळलं की आम्ही २८ जण आहोत. माझ्या वाट्याला खांबामागची दोन मीटर भिंत आली. उद्घाटनाला दालन भरलं होतं, पण चार लोकांशी बोलल्यावर लक्षात आलं की आलेला जो तो आमच्यापैकीच कुणाचा तरी भाऊ, मावशी नाहीतर मित्र आहे. पुढचे पाच दिवस आम्ही चित्रकारच एकमेकांची चित्रं बघत बसलो. संग्राहकांना, समीक्षकांना निमंत्रणं गेली होती का, असं विचारलं तर मालक म्हणाले, "ते ज्याचं त्याने बघायचं असतं." तेव्हा मला व्यवहार समजला. २८ जणांचे पैसे दार उघडायच्या आधीच जमा झाले होते. माझं चित्र विकलं जाण्याची गरज त्या दालनात एकट्या मला होती.

पैसे गेले त्याचं दुःख फार टिकलं नाही. पण माझं काम कुणीतरी निवडलंय असं मी घरी सांगितलं होतं, ते अजून सलतं.

मातीकाम

मी सिरॅमिक शिल्पं करते. माझी गॅलरी आधी काही घेत नाही, विक्रीवर ५० टक्के घेते. पुष्कळ ठिकाणी हाच दर आहे. सुरुवातीला मला तो लूट वाटायचा. मग माझं एक शिल्प प्रदर्शन संपल्यावर १४ महिन्यांनी विकलं गेलं. मधल्या काळात गॅलरीवालीने त्याचे फोटो कितीतरी जणांना पाठवले, दोघांना माझ्या स्टुडिओत घेऊन आली, आणि एकाने नको म्हटलं तेव्हा का नको म्हटलं तेही मला येऊन सांगितलं. शिल्प पडून राहिलं असतं तर ह्या सगळ्या धावपळीचे तिला शून्य मिळाले असते. तेव्हापासून तिच्या अर्ध्या वाट्याबद्दल मी कुरकुर केलेली नाही.

एकच तक्रार. ग्राहकाने पैसे दिल्यावर माझा वाटा हातात यायला चार महिने लागले, कारण करारात मुदत नव्हती. आता 'पैसे आल्यापासून ३० दिवसांत' असं लिहून घेते.

उलटीछाप

निळीशाई, वाचून फार वाईट वाटलं. तरीही कलाकाराने पैसे द्यायचेच नाहीत, इथवर मी येणार नाही. आमचं १६ मुद्राचित्रकारांचं, म्हणजे ठशांवरून चित्रं छापणाऱ्यांचं, सहकारी दालन आहे. दरमहा वर्गणी देतो, शिवाय प्रत्येकाने महिन्यातून दोन दिवस दालनात बसायचं. झाडू मारण्यापासून चित्रं टांगण्यापर्यंत सगळं आम्हीच करतो. नवीन सभासद घेताना त्याचं काम सगळे मिळून बघतात आणि नकारही देतात.

ह्या वाटेला मोठा इतिहास आहे आणि तो मला मनापासून प्रिय आहे. 'सलों' ह्या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या परीक्षकांवर विसंबून राहायचं नाही, असं ठरवून मोने, रन्वार, पिसारो, दगा, मोरिझो वगैरे चित्रकारांनी पॅरिसमध्ये सहकारी संस्था काढली. वर्षाची वर्गणी ६० फ्रँक. पिसारोने तर नियमावलीसाठी पाववाल्यांच्या संघटनेची घटना नमुना म्हणून पुढे केली होती. १५ एप्रिल १८७४ रोजी छायाचित्रकार नादारच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत त्यांचं प्रदर्शन उघडलं. सुमारे १६५ कामं होती, महिनाभरात साधारण ३,५०० लोक येऊन गेले. त्यावरच्या टीकेतूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. आणि डिसेंबरात हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या नावावर १८४ फ्रँक ५० सांतीमचं देणं निघालं. संस्था विसर्जित करावी लागली.

म्हणजे पैसे त्यांचेही बुडाले. पण ते कुठे गेले हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण वही त्यांचीच होती. आम्हीही दर तीन महिन्यांनी वही सगळ्यांसमोर उघडतो. एका वर्षी वर्गणी वाढवावी लागली तेव्हा दोघं सोडून गेले, ती बैठक मला अजून आठवते.

जलरंगी

मी सरळ हॉल भाड्याने घेतला. भिंती, दिवे आणि एक आठवडा. निवड, समिती वगैरे कुणी काही म्हटलं नाही. विक्रीतला सगळा पैसा माझा. ११ चित्रांपैकी ४ गेली. भाडं निघालं, फ्रेमचा खर्च अंगावर आला. पुन्हा करेन. फ्रेंच चित्रकार कूर्बेने १८५५ साली स्वखर्चाने मंडप उभारून आपली चित्रं दाखवली होती, तेव्हा भाड्याच्या भिंतीची लाज कुणी बाळगू नये.

दिवेवाला

सहा वर्षं एका गॅलरीत प्रकाशयोजना आणि मांडणी करत होतो, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. जागेचं भाडं, विमा, पगार, वीज हे दर महिन्याला द्यावंच लागतं. नवख्या चित्रकाराचं प्रदर्शन बहुतेकदा तोट्यात जायचं. आमचे मालक ते जुन्या, विकल्या जाणाऱ्या चित्रकारांच्या कमिशनमधून भरून काढत. एका मंदीच्या वर्षी त्यांनी सहभाग शुल्क सुरू केलं. वाईट हेतूने नव्हे, दार बंद होऊ नये म्हणून. पण वर्षभरातच माझ्या डोळ्यांसमोर निवड सैल होत गेली. ज्याने पैसे भरलेत त्याचं कच्चं काम परत कसं पाठवणार? जुने ग्राहक आधी एक-दोनदा येऊन गेले, मग यायचे थांबले. मीही नंतर ती नोकरी सोडली.

आवाजघर

मी ध्वनी आणि व्हिडिओची मांडणशिल्पं करतो. माझ्याकडे विकण्यासारखं जवळजवळ काही नसतं, म्हणून कमिशनचा हिशेब मला लागूच होत नाही. माझा प्रश्न सार्वजनिक संग्रहालयांबद्दल आहे. तिथे रंगारी, सुतार, सुरक्षारक्षक सगळ्यांना पैसे मिळतात आणि ज्याच्या कामासाठी लोक येतात त्याला 'प्रसिद्धी' मिळते. कॅनडातल्या कलाकारांनी १९६८ मध्ये कारफॅक ही संघटना उभी केली आणि प्रदर्शनाचं मानधन मागितलं. पुढे तिथल्या कॉपीराइट कायद्यात प्रदर्शनाचा हक्क आला. ७ जून १९८८ नंतर केलेलं काम विक्री किंवा भाड्याने देण्याव्यतिरिक्त इतर हेतूने जाहीरपणे मांडायचं, तर तो हक्क कलाकाराचा. 'कलाकाराने पैसे द्यावेत का' इतकंच विचारत राहिलो तर 'कलाकाराला पैसे कोण देणार' हे विचारायचंच राहून जातं.

पहिलंप्रदर्शन

सगळं वाचलं. मी अर्धं शुल्क भरलंय, उरलेलं पुढच्या आठवड्यात द्यायचंय. चित्रं अजून माझ्याकडेच आहेत. आता काय करू?

निळीशाई

चित्रं पाठवू नकोस आणि उरलेले पैसेही थांबव. आधी करार शांतपणे वाच, माघार घेतली तर भरलेल्या रकमेचं काय होतं ते त्यात असेल. मग त्यांना लेखी विचार: एकूण किती कलाकार आहेत, मागच्या प्रदर्शनातली किती कामं कलाकारांच्या ओळखीबाहेरच्या लोकांनी घेतली, निमंत्रणं कुणाला जाणार, वाहतुकीत नुकसान झालं तर विमा कुणाचा, आणि न विकलेली चित्रं कोणत्या तारखेला परत येणार. ती तारीख करारातच लिहून घे. माझी दोन चित्रं सात महिन्यांनी परत आली, एकाची काच फुटलेली होती आणि काचेचा तुकडा कागदात रुतला होता. करार समजला नाही तर इथे लिही, नावं झाकून. उलटीछाप आणि दिवेवाला, तुम्हीही बघाल ना?